तीन बोटांची साल

दंडोबाचा डोंगर, मिरजेच्या पूर्वेला. आत्ता.

डिसेंबरची 14 तारीख, रात्रीचे दोन वाजलेत. घोंगडी अंथरून तुम्ही उताणे पडला आहात. पश्चिमेला मिरज-सांगलीचे दिवे, पूर्वेला ढालगावाकडच्या पवनचक्क्यांचे लाल ठिपके. पाठीखालचा कातळ दिवसभराचं ऊन कधीच विसरलाय. मिथुन रास जवळजवळ डोक्यावर आली आहे आणि तिच्यातून दर दोन-चार मिनिटांनी एक रेघ निघते. कधी फिकी, कधी अशी ठसठशीत की तोंडातून आपोआप शब्द निघतो, "तुटला!"

तारा तुटला, असं आपण म्हणतो. तुटतो तो ज्वारीच्या दाण्याएवढा खडा. फेथॉन नावाच्या लघुग्रहानं आपल्या वाटेवर सांडलेला, सेकंदाला 35 किलोमीटर वेगानं आलेला. शंभरेक किलोमीटर उंचीवर तो पेटतो आणि वीसेक किलोमीटर खाली येईपर्यंत संपलेलाही असतो. तुमच्या पापणीची एक उघडझाप, तेवढ्यात त्याचं सगळं वस्तुमान गेलं.

आता वायव्येला बघा. क्षितिजापासून माथ्यापर्यंतच्या अंतराचा साधारण तिसरा हिस्सा वर, तिथे एक रेघ उमटली. तिची उंची शंभर किलोमीटर धरली, तर ती बरोबर वाईच्या डोक्यावर आहे, इथून दीडशे किलोमीटरवर. वाईच्या घाटावर कुणी जागं असेल, तर त्याला हीच रेघ माथ्यावर दिसली. एका डोळ्याला खोली कळत नाही. कृष्णेच्या वरच्या अंगाला सातारा हा एक डोळा, खालच्या अंगाला सांगली हा दुसरा. दोन्हीकडच्या नोंदी जुळवल्या की त्रिकोण तयार होतो आणि उंची हाती लागते. 1798 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे बेन्झेनबर्ग आणि ब्रांडेस हे दोन विद्यार्थी काही कोसांच्या अंतरावर उभे राहिले आणि त्यांनी हेच केलं. तोवर उल्का म्हणजे ढगांतलीच काही घडामोड, असं अनेकांना वाटे. त्या दोघांच्या त्रिकोणांनी तिला ढगांच्या कितीतरी वर, नव्वदेक किलोमीटरांवर नेऊन ठेवलं.

डोळे मिटा. वाईवरच्या त्या बिंदूकडे आपल्याला जायचं आहे, पण आजच्या रात्री नाही. आणि आधी थोडा लांबचा वळसा घ्यायचा आहे.


47 कोटी वर्षांपूर्वी. मंगळ आणि गुरू यांच्यामधला पट्टा.

इथे आवाज नाही. तुमच्यासमोर शेकडो किलोमीटर रुंदीचा एक लघुग्रह आहे आणि त्याच्यावर दुसरा आदळतो आहे. डोंगर फुटावेत तसे तुकडे चहूकडे उडतात. पृथ्वीवर अजून सह्याद्री नाही. ज्या लाव्ह्यातून तो घडायचा, तो ओतायला अजून चाळीस कोटी वर्षं आहेत. या टकरीचे काही तुकडे त्या काळच्या उथळ समुद्रातही पडले. स्वीडनमधल्या चुनखडीच्या खाणींत ते जीवाश्मांसारखे दगडात रुतलेले सापडतात.

त्या फुटलेल्या लघुग्रहाच्या दगडांना वैज्ञानिक 'एल' गट म्हणतात. त्यांत लोह इतर काही गटांपेक्षा कमी असतं. ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन ही खनिजं, मधूनमधून लोह-निकेलचे चकाकते कण. मूळ घडण 456 कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे सूर्यमालेच्या बारशाच्या वेळची. पुढे लघुग्रहाच्या पोटात शेकडो अंशांवर भाजून निघून हे दगड घट्ट झाले.

यांतला एक दगड धरून ठेवा. पुढे त्याचेही तुकडे होतील, कक्षा बदलतील. शेवटी त्याचा एक तुकडा पृथ्वीच्या वाटेवर येईल. त्या दिवसाची तारीख आपल्याला माहीत आहे.


4 नोव्हेंबर 1879, मंगळवार. उंची 100 किलोमीटर.

तुम्ही दगडाशेजारी आहात. वर काळं आकाश. खाली पृथ्वीची कड वाकलेली, एका बाजूला अरबी समुद्र, त्याला लागून सह्याद्रीची धार आणि धारेच्या अलीकडे कृष्णेचं खोरं. सातारा जिल्हा तेव्हा खाली तासगाव-वाळव्यापर्यंत पसरलेला होता. त्याचा दक्षिण भाग वेगळा होऊन 'दक्षिण सातारा' व्हायला 1949 उजाडायचं आहे आणि त्याचं नाव सांगली व्हायला 1960. आज जी सांगली आपण जिल्हा म्हणून ओळखतो, तिचा मोठा भाग या दिवशी साताराच आहे.

या मुलखानं नुकताच 1876 ते 78 चा दुष्काळ सोसला आहे. 1879 मध्येच वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं आणि मोडलं गेलं. सावकाराच्या पाशातून कुणब्याला थोडी मोकळीक देणारा दख्खनचा कायदाही याच वर्षीचा. खालच्या माणसांच्या मनात जमीन आहे, कर्ज आहे, रब्बीचा पेरा आहे. आभाळाकडे ती पाहतात ती पावसासाठी.

तुमच्या शेजारचा दगड साधारण 26 सेंटीमीटर रुंद आहे असं धरू. वजन तीसेक किलो. वेग सेकंदाला 15 किलोमीटर धरू. असे दगड साधारण याच सुमाराच्या वेगानं येतात. हे आकडे आपण कुठून आणले ते प्रवासाच्या शेवटी कळेल.

हवा इथे आहे, पण समुद्रसपाटीच्या वीस लाखांव्या हिश्श्याइतकी विरळ. तरी दगडाचा पुढचा पृष्ठभाग तापू लागलाय. शाळेत आपण शिकलो की हवेच्या घर्षणानं उल्का पेटते. सांगलीतली हळद पॉलिश होताना पाहिली असेल तर घर्षण काय करतं ते माहीत असतं. पिंपात हळकुंडं एकमेकांवर घासतात, वरची साल निघते, पिवळा रंग उजळतो. इथे घडतं ते वेगळं. इतक्या वेगानं येणाऱ्या दगडापुढून हवेला बाजूला सरायला सवड मिळत नाही. ती पुढे दाबली जाते आणि दाबल्यानं तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं, त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे तापमान हजारो अंशांचं. दगडाला जाळते ती त्याच्याच पुढे ढकलली गेलेली हवा.

पृष्ठभाग आता वितळतोय. वितळलेला थर पुढून मागे ओघळतो, थेंबाथेंबानं सुटतो, त्यातला बराच वाफ होतो. सोडियम लवकर सुटतं आणि पिवळी छटा देतं. मॅग्नेशियमची हिरवी, लोहाच्या कितीतरी रेघा. खालून दिसणारा प्रकाश मुख्यतः या सुटलेल्या वाफेचा. उल्का चमकते ती आपल्या झिजेनं. न झिजणारी उल्का कुणाला दिसलीच नसती.


काही सेकंदांनी, उंची 35 किलोमीटर.

पाच-सहा सेकंद झाले. झीज आता ऐन भरात आहे. तिचं गणित सांगायला सोपं आहे: हवा जितकी दाट, पुढचा पृष्ठभाग जितका रुंद, तितकी झीज जास्त, आणि वेगाचा हिशेब तर घनाचा. वेग दुप्पट असेल तर सेकंदाला होणारी झीज आठपट.

थोडं थांबून एक आकडा हातात घ्या. सेकंदाला 15 किलोमीटर वेगानं जाणाऱ्या दर किलो दगडाजवळ 11 कोटी ज्यूलहून जास्त ऊर्जा असते. एक किलो दगड पार वितळवून वाफ करायला साधारण 60 ते 80 लाख ज्यूल पुरतात. म्हणजे दगडाच्या पदरात स्वतःला पंधराएक वेळा नाहीसं करण्याइतकी ऊर्जा आहे. मग तो खाली पोचतो कसा?

पहिलं कारण, या ऊर्जेतला मोठा वाटा हवेला जातो. धक्कालाट, प्रकाश, आवाज, सगळं हवेच्या खात्यावर. दगडाच्या वाट्याला थोडीच उष्णता येते.

दुसरं कारण मला फार मोलाचं वाटतं. दगड उष्णतेचा मंद वाहक. आठ सेकंदांत उष्णता त्याच्यात जेमतेम तीन मिलिमीटर आत शिरू शकते. आणि तेवढ्याच वेळात त्याचा पृष्ठभाग सेंटीमीटरांनी मागे सरतोय. उष्णता आत पाऊल टाकते, तोवर तिच्या पायाखालचा थरच सुटून जातो आणि तिला बरोबर घेऊन जातो. हरिपूरच्या जुन्या पेवांत वर ऊन रणरणत असतानाही हळद आत गारव्यात राहायची, तसा या दगडाचा गाभा अजून अवकाशात होता तितकाच थंड आहे. झिजतोय म्हणूनच तो आतून शाबूत आहे. चंद्रावरून परतणाऱ्या अपोलो यानांच्या पुढच्या ढालीही याच तत्त्वावर बनवल्या होत्या. ढाल थराथरानं जळून गेली आणि माणसं घरी आली.

पण जळण्याशिवाय आणखी एक धोका आहे. या उंचीवर दगडावरचा दाब समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाच्या वीसपट झालाय. मागच्या बाजूला जवळजवळ पोकळी, पुढे हा रेटा. अंतराळातल्या जुन्या टकरींनी पाडलेल्या भेगा दगडात असतील तर तो इथेच फुटतो. ओंडका फोडून ढलप्या केल्या की चूल भडकते, तसंच दगडाचंही होतं. तुकडे झाले की उघडं अंग वाढतं आणि झीज भरकन वाढते. 15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियात चेल्याबिन्स्कवर वीसेक मीटरचा, हजारो टन वजनाचा दगड तिसेक किलोमीटर उंचीवर असाच फुटला. तळ्याच्या तळातून निघालेला त्याचा सर्वांत मोठा तुकडा साडेसहाशे किलोच्या आसपास भरला. बाकी बहुतेक धूळ झाली.


उंची 20 किलोमीटर, आणि त्याखाली.

उजेड विझला. झीजही थांबली. दगडाचा वेग आता सेकंदाला तीन किलोमीटरांहून कमी आहे. हवा तापते, पण दगड वितळण्याइतकी नाही. शेवटचा वितळलेला थर जागच्या जागी गोठून काळी पापुद्र्यासारखी साल झाली. जाडी मिलिमीटरभरही नाही. काही दगडांवर या वेळी खळगे उमटलेले असतात, ओल्या मातीवर अंगठे दाबावेत तसे.

इथून पुढचा प्रवास अंधारातला आणि उल्केचा नव्हे, पडणाऱ्या दगडाचा. दोन-अडीच मिनिटं तो फक्त पडत राहतो. वेग घटत घटत ताशी तीनशे किलोमीटरांच्या आसपास येतो, महामार्गावरच्या गाडीच्या तिप्पट, अवकाशातल्या वेगाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. तिसेक किलोमीटर उंचीवर झालेला धडाका जमिनीवर पोचायला दीड मिनिट लागतं, म्हणून खालच्या माणसाला आधी उजेड, मग शांतता, मग तोफेसारखा आवाज आणि सर्वांत शेवटी दगड, असा क्रम अनुभवाला येतो.

एवढा वेग गेला कुठे? हवेचं वजन करून बघा. जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर अवकाशापर्यंतची हवा उभी आहे, तिचं वजन 10 टन भरतं. आपल्या दगडाचं वजन त्याच्या पुढच्या पृष्ठभागावर वाटलं तर चौरस मीटरला पाऊण टनही येत नाही. स्वतःच्या दहा-वीसपट हवा त्याला फोडून यावी लागली. त्यात त्याचा सगळा अहंकार उतरला. आता बुलढाण्याचं लोणार आठवा. तिथे आलेला दगड अंदाजे साठ मीटरांचा धरला, तर त्याचं वजन चौरस मीटरला एकशेतीस टनांच्या घरात जातं. दहा टन हवा त्याला काय अडवणार? तो अवकाशातलाच वेग घेऊन आपल्याच दख्खनी कातळावर आदळला आणि 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर करून गेला. एकाच हवेनं एकाला जमिनीवर हळू ठेवलं, दुसऱ्याला ती रोखू शकली नाही.

तुमच्या शेजारचा दगड वाईच्या परिसरात जमिनीला टेकला. पांडवगड, वैराटगड जागच्या जागी. कृष्णा वाहते आहे. दगडाचं वजन सुमारे साडेचार किलो, आकार मोठ्या नारळाएवढा. हात लावा. बाहेरून काळा, आणि पोटात थंड.

जगाच्या यादीत तो 'कलुंबी' या नावानं नोंदला गेला: जिल्हा सातारा, 1879, प्रकार एल-6. पेटते ती उल्का, जमिनीपर्यंत पोचते ती अशनी, हा भेद मराठी वैज्ञानिक लेखनात रुजला आहे, आणि ज्या वाईत मराठी विश्वकोशाचं संपादन झालं तिथूनच काही मैलांवर ही अशनी उतरली, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.


अहमदाबाद, 1980.

आता तिसेक किलोचा हिशेब. हरवलेलं वस्तुमान मोजायचं कसं? जे जळून गेलं त्याचं वजन कोण करणार?

अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत नरेंद्र भंडारी आणि देवेंद्र लाल यांच्यासारख्या वैज्ञानिकांनी याचं उत्तर उरलेल्या दगडातच शोधलं. लालांचा जन्म वाराणसीचा. त्याच वाराणसीजवळ 19 डिसेंबर 1798 रोजी दगडांचा वर्षाव झाला होता, बेन्झेनबर्ग आणि ब्रांडेस जर्मनीत त्रिकोण मांडत होते त्याच वर्षी. लंडनच्या एडवर्ड हॉवर्डनं 1802 मध्ये ते दगड तपासले, त्यांत निकेल सापडलं आणि आकाशातून दगड पडतात ही गोष्ट विद्वानांना मान्य करावी लागली.

पद्धत अशी. दगड कोट्यवधी वर्षं अवकाशात फिरत असताना वैश्विक किरण त्याच्यात घुसतात आणि खनिजांच्या कणांत सूक्ष्म माग सोडतात. पृष्ठभागाजवळ माग दाट, जसजसं खोल जावं तसतसे विरळ. खाली पोचलेल्या दगडाच्या आजच्या सालीजवळचे माग मोजले की कळतं, ही जागा मूळ दगडात किती खोल गाडलेली होती. त्याला निऑनच्या समस्थानिकांची जोड दिली की मूळ आकाराचा अंदाज बांधता येतो. 1980 मध्ये परदेशी सहकाऱ्यांसह त्यांनी अनेक अशनींची अशी मोजणी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण दगडी अशनींचं बहुतेक वस्तुमान, ऐंशी टक्क्यांच्या वर, वातावरणात गेलेलं असतं, असं चित्र त्यातून उभं राहिलं.

साताऱ्याच्या दगडाला हाच नियम लावा. गेलेला वाटा 85 टक्के धरला तर साडेचार किलोसाठी मूळ वजन तीस किलो येतं. आता कागदावर दोन वर्तुळं काढा: एक 26 सेंटीमीटरचं, त्याच्या आत 14 सेंटीमीटरचं. मधलं अंतर मोजा. सहा सेंटीमीटर. तुमच्या हाताची तीन बोटं आडवी ठेवली तर तेवढी जागा भरते.

85 टक्के ऐकताना सर्वनाश झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात चारी बाजूंनी गेली ती तीन बोटांची साल. गोल वस्तूचं बहुतेक वजन सालीतच असतं, हे भूमितीचं साधं सत्य. आणि त्या सालीनं स्वतः जाऊन आतलं 456 कोटी वर्षांपूर्वीचं अक्षर जसंच्या तसं राखलं.


दंडोबा, पुन्हा आत्ता.

पहाटेचे पाच. मिथुन पश्चिमेला कलली आहे. घोंगडी दवानं ओली झाली आहे.

ती साल गेली कुठे? वाफ पुन्हा गोठली, तिचे धुराहून बारीक कण झाले, काही वर तरंगत राहिले. तुमच्या डोक्यावर 80 ते 105 किलोमीटरांमध्ये आत्ताही सोडियमचा एक पातळ थर आहे, आणि तो अशाच उल्कांच्या झिजेनं राखला जातो. लोहाचाही आहे. बाकीची धूळ हळूहळू खाली उतरते. अवकाशातून रोज कित्येक टन द्रव्य पृथ्वीवर येतं. बहुतेक सगळं याच वाटेनं, न दिसता. कृष्णेच्या वाळवंटात चुंबक फिरवला तर काळे कण चिकटतात. ते बहुतेक आपल्याच कातळातलं मॅग्नेटाइट. पण त्या नदीत, या डोंगरावर, मिरजेच्या पूर्वेच्या द्राक्षबागांत 1879 च्या त्या सालीचा एखादा कण कुठेतरी उतरलाही असेल. साडेचार किलोची यादीत नोंद झाली. पंचवीस किलोची नोंद वाऱ्यानं दूरदूरच्या मातीत विखरून टाकली.

वायव्येला, वाईच्या दिशेनं, आणखी एक रेघ. एका सेकंदाची. ज्वारीच्या दाण्याला राखण्यासारखा गाभा नव्हता. तो सगळाच साल होता.

तरी तुम्ही बोट दाखवलंत. शेजारी झोपलेल्या मुलाला हलवून उठवलंत. त्यानं विचारलं, "कुठाय?" तोवर आकाश पुन्हा तसंच होतं. तुम्ही त्याच्या हाताची तीन बोटं एकत्र धरलीत आणि सांगायला सुरुवात केलीत.